ठिणगी होती, पण लॅम्पमध्ये नव्हती

2008 सालची गोष्ट. गणपतीची चवथ आठवड्यावर आली होती. गोव्यात, बार्देशातल्या एका टॉकीजमधून सकाळीच फोन आला, "मेस्त्री, प्रोजेक्टरचा झेनॉन लॅम्प पेटत नाही. तिसरा घातला, तोही पेटत नाही." एकाच आठवड्यात तीन लॅम्प मरतात? तिथेच मला संशय आला. फोंड्याहून निघालो तेव्हा पाऊस असा की मांडवीच्या पुलावर समोरची बस दिसेना. साडेतीनचा शो गेलाच होता, निदान साडेसहाचा धरायचा होता.

केबिनमध्ये अण्णा स्टुलावर बसून होते. प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करायचे, त्या जमान्यापासूनचे ऑपरेटर. दोन कांड्यांमधलं अंतर हाताने सांभाळत, धूर खात त्यांनी अर्धं आयुष्य काढलेलं. झेनॉनवर त्यांचा राग जुनाच. "कार्बन बिघडला तर दिसायचा हो," ते म्हणाले, "हा मेला की नुसता गप्प बसतो."

आधी लॅम्पहाऊसचं, म्हणजे लॅम्प बसतो त्या पेटीचं, दार उघडून बघितलं, तर दाराचा मायक्रोस्विच काडीपेटीची काडी खुपसून कायमचा दाबलेला! मी अण्णांना कधी उलट बोलत नाही, पण त्या दिवशी बोललो. या लॅम्पच्या क्वार्ट्झच्या फुग्यात थंड असतानाच वातावरणाच्या आठ-दहा पट दाब असतो, पेटल्यावर साधारण तिप्पट होतो. फुटला तर काचेचे तुकडे सरळ तोंडावर. म्हणून दार उघडं असताना वीज जाताच कामा नये. त्या स्विचचं कामच ते. अण्णांनी मान खाली घातली. "पावसात तो अडकतो," एवढंच म्हणाले.

काडी काढली, स्विच साफ केला. पंखा फिरत होता, त्याची हवा लागली तरच वीज सोडणारा स्विच ठीक होता. स्टार्टचं बटण दाबलं तर इग्निटर, म्हणजे लॅम्प पेटवायला ठिणगी देणारा भाग, टकटक करायला लागला. म्हणजे हजारो व्होल्टची ठिणगी तयार होत होती. मग इग्निटर सोडवून रेक्टिफायरचा, म्हणजे लॅम्पला डीसी वीज पुरवणाऱ्या यंत्राचा, व्होल्टेज बघितला. (सोडवल्याशिवाय मीटर लावायचा नाही. हे शहाणपण मी एक मीटर जाळून घेतलंय.) लॅम्प चालू असताना 25 व्होल्टच्या आसपास लागतात आणि 70-80 अँपिअर वाहतात, पण आर्क, म्हणजे लॅम्पमधली ज्योत, धरायच्या आधी रेक्टिफायरने त्याच्या तिप्पट-चौपट व्होल्टेज उभा करायला हवा. माझ्या मीटरवर 90च्या वर काटा गेला. म्हणजे रेक्टिफायर चांगला, ठिणगीही चांगली. मग ठिणगी जाते कुठे?

असल्या वेळी मीटरपेक्षा काळोख उपयोगी पडतो. केबिनचे दिवे घालवले, पडद्याकडच्या खिडकीला पुठ्ठा लावला. तोंडावर शील्ड चढवून लॅम्पहाऊसच्या मागच्या जाळीशी डोळा नेला आणि अण्णांना सांगितलं, "आता दाबा."

टक. निळा, केसाएवढा धागा. लॅम्पच्या टोकाकडे जायचा सोडून जाड केबल जिथे टेकली होती, त्या फायबरच्या ठोकळ्यावरून सरपटत खाली पत्र्यात शिरला. पुन्हा टक. पुन्हा तीच वाट.

मेन बंद करून ठोकळा सोडवला. बॅटरीच्या उजेडात त्यावर एक काळी रेघ दिसली, फांद्या फुटलेली, पानाच्या शिरेसारखी. फायबर एकदा असं जळून कोळसा झालं की ती रेघच तार होते, कितीही स्पिरिटने पुसा. बोट फिरवलं, ओल लागली. जिभेवर टेकवलं तर खारट. (हे कुणी करू नये.) मग छपरावर चढलो. गरम हवा बाहेर टाकणाऱ्या पाइपची टोपी वाऱ्याने उडून शेजारच्या माडाच्या बुंध्याशी पडली होती. समुद्रावरची खारी वाफ आणि पाऊस, दोन्ही थेट लॅम्पहाऊसमध्ये उतरत होतं.

बॅगेत टेफ्लॉनची एक कांडी होती. तिचा तुकडा कापून, भोक पाडून बसवला, केबल पत्र्यापासून चार बोटं लांब घेतली, पाइपवर तात्पुरता पत्र्याचा डबा उपडा बांधला. सव्वासहाला बटण दाबलं. एकच टक झाली आणि केबिनच्या भिंतीवर पांढरा उजेड सांडला. अँमीटर 75वर स्थिर. खाली लोक तिकिटाच्या रांगेत होते, त्यांना यातलं काही कळलं नाही.

शो सुरू झाल्यावर अण्णांनी कोपऱ्यातला खोका पुढे ओढला. दुसरा लॅम्प, स्पेअरचा. काच स्वच्छ, इलेक्ट्रोड धडके. "म्हणजे हा मेलेला नाही?"

"नाही. पहिला कुठाय?"

अण्णांनी वही उघडून दाखवली. पहिल्याचे 900 तास झाले होते, अजून निदान तेवढेच निघाले असते. एक लॅम्प म्हणजे त्यांचे तीन पगार. "तो तर परवाच फोडला," ते म्हणाले. "जाड कापडात गुंडाळून मागच्या जिन्यावरून खाली टाकला. फेकायच्या आधी असाच फोडायचा, तुम्हीच शिकवलंत ना?"

मी शिकवलं होतं खरं.

थोड्या वेळाने, टॉकीजच्या मालकाची आठवण होऊन, हळूच म्हणाले, "मेस्त्री, पात्रांव विचारील. पहिला काळा पडला होता म्हणा."

बिलावर मी 'इन्सुलेटर बदलला, पाइपची टोपी बसवावी' एवढंच लिहिलं. मागच्या जिन्याने उतरताना शेवटच्या पायरीवर बुटाखाली काहीतरी करकरलं. पाऊस अजून पडतच होता.