तुम्ही विचारलंत म्हणून: वायए वाचतेस पण आणि वर नावं पण ठेवतेस?

वायए म्हणजे यंग अडल्ट, टीनएजर्ससाठीच्या कादंबऱ्या. हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. एक पार्टी म्हणते अगं तुझं वय काय, तू टीनएजर्सची पुस्तकं कसली वाचत बसतेस. दुसरी पार्टी जास्त चिडलेली असते, तिचं म्हणणं की पुस्तकं सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेली आहेत, तू त्यांची वाचक नाहीसच, मग नाही आवडली तर गप्प बस ना. दोघांनाही एकदाच सांगून टाकते.

पहिल्या पार्टीचं काम लगेच होईल. वयाने मोठी होऊन वायए वाचणारी मी काही एकटी नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत एका मार्केट रिसर्चवाल्यांनी पाहणी केली तेव्हा यंग अडल्ट पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले, त्यातही सगळ्यात मोठा गट ३० ते ४४ वयाचा, आणि पोरांसाठी घेता का विचारलं तर बहुतेकांनी सांगितलं छे, स्वतःला वाचायलाच घेतो. पुस्तकं छापली जातात १२ ते १८ वयासाठी. तो ५५ टक्क्यांचा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या पार्टीला उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. १९६७ चं 'द आउटसायडर्स'. ह्याच पुस्तकापासून वायए सुरू झालं असं बरेच जण मानतात, आणि लेखिका एस. ई. हिंटन ते छापून आलं तेव्हा अठरा वर्षांची होती, लिहायला घेतलं तेव्हा शाळेत. म्हणजे पोरांसाठी, पोरीनेच लिहिलेलं. त्यात पोनीबॉय नावाचा चौदा वर्षांचा मुलगा गोष्ट सांगतो. एका मारामारीत त्याच्या मित्राच्या, जॉनीच्या हातून खून होतो, तो जॉनीनेच केलाय हे आपल्याला खुद्द जॉनीच्या तोंडून कळलेलं असतं. (स्पॉयलर आहे, पण १९६७ चं पुस्तक, आता कसला स्पॉयलर.) पुढे जॉनी मरतो. आणि मग आजारातून उठलेला पोनीबॉय घरी भेटायला आलेल्या एका मुलाला छातीठोकपणे सांगतो की चाकू माझ्याकडे होता, खून मी केला, आणि जॉनी मेलेलाच नाही. लेखिका मध्ये येऊन बोलत नाही, तो सत्य नाकारतोय वगैरे काही नाही. सांगणारा चुकीचं सांगतोय आणि ते आपल्याला दिसतंय, त्याला नाही. बारा वर्षांच्या वाचकालाही दिसतं. अठरा वर्षांच्या पोरीने आपल्या वाचकावर एवढा भरवसा ठेवला होता!

आता गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं कुठलंही गाजलेलं वायए उघडा. हिरॉइन 'मी' म्हणून बोलते, तेही चालू वर्तमानकाळात, मी धावते, मी वळते, माझं काळीज धडधडतं. आणि प्रत्येक वाक्यामागे तिला काय वाटलं ते तीच सांगते. मला राग आला. हा राग त्याच्यावर नव्हता, स्वतःवर होता. मग दोन पानांनी मैत्रीण येऊन तेच परत सांगते, तू स्वतःवर चिडलीयस. अगं हो, कळलं! आणि ते एक वाक्य तर असतंच, की इतका वेळ आपण श्वास रोखून धरला होता हे तिला आत्ता तो सोडताना कळलं. इतक्या पुस्तकांत ते सापडतं की वाचकांनी त्याची चेष्टा करून करून चोथा केलाय, तरी लिहिणारे लिहितायत.

माझी तक्रार ह्या भरवशाबद्दल आहे. भाषा सोपी असू दे, प्रेमप्रकरण असू दे, ड्रॅगन असले तरी माझी हरकत नाही. पण वाचकाला स्वतःहून काही कळेल असं लेखकाला वाटतच नाही, आणि हिरॉइन एकदा चिडली की तिचं चिडणं शेवटी बरोबरच निघतं, तिने कुणाला वाईट म्हटलं की तो वाईटच असतो. पोनीबॉयसारखं चुकायची तिला परवानगीच नाही.

'हंगर गेम्स' (२००८) मध्ये असं नव्हतं म्हणून तर मला आजही राग येतो, नंतरच्यांनी त्याचं काय केलं ह्याचा. तिथे पोरांना टीव्हीवर एकमेकांना मारायला सोडलेलं असतं, म्हणून वर्तमानकाळाला कारण होतं, गोष्ट सांगणारी मुलगी, कॅटनिस, पुढच्या पानावर मरू शकते, नंतर बसून सांगायला ती असेलच असं नाही. आणि तो प्रसिद्ध लव्ह ट्रँगल. गुहेत तिच्यासोबतचा स्पर्धक पीटा जखमी पडलेला, कॅटनिस त्याचं चुंबन घेते आणि वरून पॅराशूटने रश्श्याचं भांडं येतं. ती ताबडतोब हिशोब मांडते की एक चुंबन म्हणजे एक भांडं, प्रेक्षकांना प्रेमकहाणी हवीय, दिली तर जेवायला मिळेल. आता ती खरंच प्रेमात आहे का नाटक करतेय हे तिलाच नक्की सांगता येत नाही, पीटाला तर हिशोबाचा पत्ताच नाही. त्या एका भांड्यात रिॲलिटी टीव्ही, भूक, अपराधीपणा सगळं आलं. नंतरच्या लाटेने ह्यातून उचललं काय, तर दोन मुलं. एक गोरागोमटा समजूतदार, एक काळ्या कपड्यातला तुसडा. भांडं राहिलं तिकडेच.

'डायव्हर्जंट' (२०११) घ्या. समाजाचे पाच गट, प्रत्येक गटाला एकेक गुण वाटून दिलेला, सोळाव्या वर्षी परीक्षा होऊन गट निवडायचा. आणि हिरॉइन धोकादायक का, तर ती एकापेक्षा जास्त गटांत बसते. म्हणजे चारचौघींसारखी माणूस असणं हीच तिची सुपरपॉवर. सोळाव्या वर्षी आपण कुठल्याच खोक्यात बसत नाही असं वाटतं, मान्य, आणि पहिलं पुस्तक मी एका दमात वाचलं हेही मान्य. पण तेवढ्यावर तीन पुस्तकं? सिनेमावाल्यांनी तर तिसऱ्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचं ठरवलं, त्यातला पहिला २०१६ मध्ये आपटला आणि दुसरा निघालाच नाही.

तर तो ५५ टक्क्यांचा आकडा. तू त्यांची वाचक नाहीस असं जे मला सुनावतात ना, त्यांनी तो परत बघावा. पैसे आम्ही मोजतोय म्हटल्यावर प्रकाशक आमच्याकडे बघणारच. आणि आम्हाला काय हवं असतं? दिवसभर काम करून दमलेल्या माणसाला सोळाव्या वर्षाची धडधड हवी असते, पण त्या वयातली खरीखुरी लाज, अवघडलेपणा, मूर्खपणा नको असतो. म्हणून हिरॉइन कागदावर सतराची आणि वागायला-बोलायला सत्तावीसची, राज्यं उलथवणारी, तलवारबाजीत पटाईत, हजरजबाबी. बारा-तेराच्या पोरांनी काय करायचं मग? लहान मुलांची पुस्तकं त्यांना बाळबोध वाटायला लागलेली असतात आणि पुढच्या कपाटात आम्ही ठाण मांडून बसलेलो. मला ही पुस्तकं खटकतात ती माझ्यासाठी लिहिलेली नाहीत म्हणून नव्हे, माझ्यासाठीच लिहिलीयत हे पानापानावर जाणवतं म्हणून.

रॉबर्ट कॉर्मियरच्या 'द चॉकलेट वॉर'मधला (१९७४) मुलगा शाळेसाठी चॉकलेटं विकायला नाही म्हणतो, एवढीच गोष्ट. आणि तो हरतो. नुसता हरत नाही, मार खाऊन पडलेला असताना त्याला मित्राला सांगावंसं वाटतं की माझ्यासारखं करू नकोस. शेवट बदला म्हणून प्रकाशकांनी सांगितलं होतं, कॉर्मियरने बदलला नाही. मी हे मोठेपणीच वाचलं आणि दोन दिवस दुसरं पुस्तक हातात घेतलं नाही. असलं काहीतरी अजूनही कुणीतरी लिहीत असणार, फार गाजत नसेल एवढंच, म्हणून नवीन वायए दिसलं की उचलते, पन्नास पानं देते, त्यात हिरॉइनचं एकदाही काही चुकलं नाही तर खाली ठेवते. आणि कुणी विचारलं की नावंही ठेवते.