मोजणी बरोबर, माणूस चूक

सुट्टीच्या दिवशी मी ट्रेक लीडर असतो. म्हणजे पुढे चालायचं, मागे वळून ओरडायचं आणि दिवसभर डोकी मोजायची. त्या रविवारी नाशिकजवळच्या अंजनेरी गडावर माझ्याकडे 24 डोकी होती.

ऑगस्ट महिना. 'वरून तळं दिसेल, समोर ब्रह्मगिरी दिसेल' असं आदल्या रात्री ग्रुपवर मीच लिहिलेलं. नवरा-नवरीच्या सुळक्यांपर्यंत आभाळ उघडं होतं. घळीतल्या पायऱ्या लागल्या आणि धुकं असं उतरलं की पुढच्याची सॅक तेवढी दिसावी. पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, कठड्यावर माकडं टपून बसलेली. एकाने आमच्यातल्या काकूंचा बिस्किटांचा पुडा सफाईने पळवला. जैन लेण्यापाशी थांबून मोजले. चोवीस.

पठारावर आलो तर अंजनीमातेच्या दर्शनाला निघालेले भाविक, दुसरे ट्रेकवाले, सगळी सरमिसळ. सगळ्यांच्या अंगावर निळे नाहीतर पिवळे पोंचो. नाशिकच्या दुकानांत दोनच रंग येत असावेत. गवतात कुणाला तरी कंदीलपुष्प दिसलं. बुडाशी फुगीर, वर बारीक नळी, टोकाला पाकळ्या जुळलेल्या. कंदील म्हणावा असाच आकार. सेरोपेजिया अंजनेरिका नावाची एक जात या डोंगरावरूनच ओळखली जाते. हे फूल तेच की दुसरं, ते मी छातीठोक सांगणार नाही. 'तोडू नका, फोटो काढा' एवढं बजावलं आणि पुढे निघालो.

तळ्याच्या काठी थर्मास उघडला. पाणी अगदी पायाशी येईपर्यंत दिसलं नव्हतं. पुन्हा मोजले. चोवीस. निवांत चहा ओतत होतो, तेवढ्यात एक वयस्कर काका कप पुढे करत म्हणाले, "साहेब, आपली बस परत कितीला सुटणार? पाच म्हणाले होते ना?"

आम्ही मोटारींनी आलो होतो.

मला आधी हसू आलं. मग पोटात गोळा आला. काका आमचे नसतील तर ते पंचविसावे निघायला हवे होते. मोजणी चोवीसच होती, याचा अर्थ आमचं एक माणूस नव्हतं. आणि काकांनी पोहे खाल्ले, चहा मागितला, माझी मोजणीही जुळवून दिली!

भिजलेला कागद काढून एकेक नाव पुकारलं. एक कॉलेजची मुलगी गायब. फोनला रेंज नाही. सर्वांत मागे चालणाऱ्या माझ्या साथीदाराचा चेहरा पांढरा पडला. त्यानेही डोकीच मोजली होती. शिट्टी वाजवली, हाका मारल्या. धुक्यात हाक कुठे जाते कळत नाही, आणि पावसाळ्यात त्या पठाराच्या कडा कशा असतात ते मला चांगलं ठाऊक होतं. पाचेक मिनिटं झाली असतील. माझ्या हिशेबाने तास.

मग वारा सुटला आणि धुकं फाटलं. हनुमानाच्या पावलाचा ठसा म्हणतात ते अख्खं तळं एकदम समोर, पलीकडे हिरवागार ब्रह्मगिरी. सगळे "अहाहा!" करून मोबाइल काढायला लागले. मी पलीकडच्या काठावरचा एक निळा ठिपका बघत होतो. ठिपका गवतात वाकून फोटो काढत होता.

काकांना घेऊन तळ्याला वळसा घातला. तिथल्या लीडरला म्हटलं, "तुमचा एक माणूस आमच्यात आलाय." तो म्हणाला, "शक्यच नाही. एकतीस पूर्ण आहेत, दोनदा मोजलेत."

"मीही दोनदाच मोजले," मी म्हणालो.

आमच्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती फोनमधलं फूल दाखवायला धावत आली आणि आजूबाजूचे चेहरे बघून थबकली. "सर, आपले बाकीचे कुठेयत?"

काका मात्र त्यांच्या घोळक्यात जाता जाता वळले. "तुमच्याकडचा चहा बरा होता," म्हणाले, आणि कप परत द्यायला विसरले.