उद्या सांगते

बुधवार, रात्री पावणेअकरा

बँडवाले मामा काल संध्याकाळी येऊन गेले, तेव्हापासून माझेच दोन शब्द माझ्या मागे लागलेत. "उद्या सांगते." तसं वाईट काही बोलले नाही मी. चहा दिला, पंखा त्यांच्याकडे वळवला, गुडघ्याची चौकशी केली. तरी आज बँकेत दिवसभर कुणी काही विचारलं की तोंडाशी तेच येत होतं आणि मी गप्प होत होते.

त्यांनी मागितलं ते एवढंच : "परवा साखर पेठेत वरात हाय. माझ्या ड्रमचं कडं वाकलंय, पान ताणंना झालंय. त्यो आपला ड्रम द्या की ओ ताई, एक रात."

आपला. आदरानं 'तुमचा' म्हणायचं होतं त्यांना, की तुमचा-माझा मिळून, की अजूनही आमचाच? मराठीत हे तिन्ही एकाच शब्दात बसतं आणि बोलणाऱ्याला कधी फोड करून सांगावं लागत नाही. मीच काल रात्रीपासून ती फोड करत बसलेय. तीन वर्षांपूर्वी तो त्यांच्याकडून घेताना मी रोख ३,५०० रुपये मोजले होते. त्यांनी ४,००० मागितले होते. त्या पाचशेंचं आत्ता नको.

फळीवर सात स्नेअर ड्रम आहेत, म्हणजे खालच्या पानाला, ताणलेल्या पडद्याला, तारा असणारे. सगळ्यात वर अमेरिकन लुडविग कंपनीचा सुप्राफॉनिक, १४ इंच रुंद, ५ इंच खोल, दहा लग, म्हणजे पान ताणणारे बोल्ट अडकतात त्या खुंट्या. १९७० च्या दशकातला आहे. त्याच्यासाठी दोन दिवाळ्या मी काही घेतलं नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या शेलवर, ड्रमच्या गोल अंगावर, क्रोम नीट धरत नाही, म्हणून या ड्रमना वय झालं की पुरळ उठल्यासारखे ठिपके येतात. माझ्याही ड्रमला आलेत, आणि मला ते आवडतात. खाली दोन मेपल लाकडाचे, एक स्टीलचा, एक लहान १३ इंची, एक नुसताच शेल, कडी-तारा मिळतील तेव्हा मिळतील. आणि सगळ्यात खाली मामांचा. मेरठच्या जली कोठीचा, बँडच्या वाद्यांच्या बाजारातला माल, पितळी शेल, आठ बोल्ट. फळीवरचा सगळ्यात स्वस्त.

सगळ्यात खाली का ठेवला, असं त्यांनी विचारलं नाही. बघितलं मात्र.

मग वाकून उचलला, मांडीवर तिरका घेतला. डाव्या हातातली काडी अंगठ्याच्या बेचक्यात, तळवा वर. ही पकड मी व्हिडिओ बघून बघून शिकले. पलटणीतले वादक ड्रम पट्ट्यानं कमरेच्या एका बाजूला अडकवत, तो तिरका लोंबायचा, म्हणून डावा हात तसा वळवावा लागायचा. आपले बँडवाले स्नेअरला अजून साईड ड्रम म्हणतात ते त्याच 'साईड'वरून. हे सगळं मला माहीत आहे. मामांना ते सांगता येणार नाही, पण हात तसाच वळतो.

त्यांनी एकच रोल काढला, बारीक, जेमतेम पाच सेकंद. आणि फळीवर कुठेतरी झिर्रर्र झालं. सुप्राफॉनिकचा आणि एका मेपलचा, तारा पानाला टेकवणारा खटका वर राहिला होता. खालच्या पानावरच्या तारा अशाच असतात, शेजारी कुणी वाजवलं की आपोआप थरथरतात. खालचं पान असतंच इतकं पातळ, वरच्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. मामा हसले. "बाकीची पोरं बी बोलायलीत की!"

त्यानंतर त्यांनी लगच्या खाचेतून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. "गुलाल काढला व्हय सगळा."

हो म्हणाले. ब्रासो, जुना टूथब्रश, दोन रविवार. तेव्हा किती अभिमान वाटला होता! कितीतरी गणपतींचा, वरातींचा गुलाल होता तो, थरावर थर बसलेला. मी तो खरवडून वर्तमानपत्रावर पाडला आणि कागद गुंडाळून टाकून दिला. त्या कागदाची कालपासून सारखी आठवण येतेय.

आणि याच्यानंतर मी म्हणाले, उद्या सांगते.

कशाची भीती होती मला? पावसाची, पडण्याची, कडं वाकण्याची? ज्या ड्रमनं वीस-पंचवीस वर्षं वराती केल्या त्याला साखर पेठेतल्या एका रात्रीत काय होणार होतं? सुप्राफॉनिक मागितला असता तर गोष्ट वेगळी. पण हा तर वरातीसाठीच बनलेला. माझ्याकडे आल्यापासून तो फळीवर आहे. त्यानं हे शहर फिरून काढलंय, आणि मी त्याला पुसून ठेवते.

मलाही कोण आहे बोलायला? या सोलापुरात ढोल म्हटलं की लोक मान डोलावतात, हलगी म्हटलं की पाय उचलतात. मीसुद्धा गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे हलगी ऐकतच मोठी झाले. हलगीवाले कागद पेटवून त्यावर कातडं शेकायचे, ते बघायला मी अण्णांचा हात सोडून पुढे पळायचे. पण स्नेअर म्हटलं की समोरचा विचारतो, म्हणजे नक्की काय? तारा पुण्या-मुंबईहून मागवायच्या, पान फाटलं की आठवडाभर कुरियरची वाट बघायची. वाजवायचं रविवारी अकरा ते साडेअकरा, तेही वरच्या काकूंचा डोळा लागलेला नसेल तर. आवाज दाबायला पानावर टॉवेल टाकते, आपल्याच चाटी गल्लीतला. सात ड्रम, आणि सातही टॉवेलाखाली. हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, पण ते नेमकं कशासाठी, टॉवेलासाठी की अण्णांसाठी, ते राहू दे.

आईला रात्रीच सांगितलं होतं. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "द्यायचा होतास की. कुठं पळून जाणार होता?"

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामांना फोन केला. म्हणाले, झाली सोय. जोडभावी पेठेतल्या एकानं दिला. आवाजात राग नव्हता. मी म्हणत राहिले, नाही मामा, घेऊन जा ना, मी स्वतः आणून देते, स्कूटरवर आणते. तर म्हणाले, "राहू द्या ओ ताई. तुमचा तुमच्यापाशीच बरा."

फोड झाली. काल 'आपला' होता, आज 'तुमचा' झाला. ३,५०० रुपये देऊन तीन वर्षांत झाला नव्हता, 'उद्या सांगते' म्हटल्यावर एका रात्रीत झाला.

घरी आल्यावर तो खालून काढला. त्याचं वरचं पान मी मागच्या वर्षी सैल केलं होतं. खोलीत खोल, भरीव आवाज बरा वाटतो म्हणून. मामांचा असा नव्हता. तो घट्ट होता, ट्रम्पेट आणि ढोलाच्या गदारोळातून भर रस्त्यात वर निघेल असा. किल्ली घेऊन समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेरा आवळत गेले. आठही झाल्यावर काडी मारली. अजून खाली होता. परत एक पाव फेरा. टॉवेल टाकला नाही. तिसऱ्या फेरीला वरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, काय गं, गणपती आले का? मी म्हटलं, नाही काकू, उद्या वरात आहे. म्हणाल्या, कुणाची? मला काही सुचलं नाही, दोघी हसलो.

मामांच्या आवाजाच्या जवळ आला, पण तिथे पोचला नाही. हात त्यांचा लागतो. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होईल. तोवर पान नवीन घालून ठेवते, फळीवर नको, दाराशी ठेवते, पट्ट्यासकट. उद्या बँकेतून सुटल्यावर साखर पेठेत जाणार आहे. जोडभावीच्या त्या ड्रमवर मामांचा रोल कसा निघतो ते ऐकायचंय.