माझा अनुभव: ‘नेव्हर’ वाक्याच्या पुढे आला की

‘रेअरली ही कम्स टू राजवाडा.’ हे इंग्रजी वाक्य (‘तो राजवाड्यावर, म्हणजे इंदूरच्या जुन्या वाड्यापाशी, क्वचितच येतो’) वाचताना आपल्याला काही खटकत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. बरोबर वाक्य असं: ‘रेअरली डज ही कम टू राजवाडा.’ ‘रेअरली’ किंवा ‘नेव्हर’ पुढे आला की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी जातं; यालाच मी वाक्य उलटणं म्हणतो. बँकेच्या परीक्षेची तयारी करताना ‘चूक ओळखा’ या प्रश्नात मी सगळ्यात जास्त इथेच अडखळलो. हा भाग पक्का व्हायला सहा आठवडे लागले, रोज पाऊण तास. ज्या क्रमाने तो सुटत गेला, त्याच क्रमाने लिहितो.

इंदूरला आपल्या घरी मराठी, दाराबाहेर हिंदी. दोन्हींत शब्द मागेपुढे केलेले चालतात. ‘तो राजवाड्यावर क्वचितच येतो’ म्हणा किंवा ‘क्वचितच येतो तो राजवाड्यावर’, अर्थाला धक्का लागत नाही. कर्ता कोण, कर्म कोण हे प्रत्यय सांगतात, आणि जोर द्यायला मराठीत ‘च’ आहे, हिंदीत ‘ही’. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय उरलेले नाहीत. तिथे शब्दाची जागा हीच त्याची विभक्ती. म्हणून एक शब्द हलवला की दुसऱ्यालाही जागा सोडावी लागते. मी आधी नियम पाठ करत बसलो होतो. हे कारण कळल्यावर पाठांतर निम्म्यावर आलं.

पण कुठलंही क्रियाविशेषण पुढे आलं म्हणून वाक्य उलटत नाही. एका क्लासच्या नोट्समध्ये तसं सरसकट लिहिलं होतं, आणि त्यामुळे मी ‘यस्टरडे डिड आय गो’ असली वाक्यं लिहायला लागलो होतो. जुन्या इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला काहीही आलं तरी क्रियापद दुसऱ्या जागी ओढलं जाण्याकडे कल होता. जर्मनमध्ये हा नियम आजही आहे. इंग्रजीतून तो मागे पडला आणि मुख्यतः नकारार्थी शब्दांपाशी टिकला: नेव्हर, रेअरली, सेल्डम, हार्डली, स्केअर्सली, लिटल, अंडर नो सर्कमस्टान्सेस, ऑन नो अकाउंट. ‘यस्टरडे’, ‘समटाइम्स’, ‘स्लोली’ पुढे आले तरी वाक्य सरळच राहतं.

वहीच्या डाव्या पानावर मी आधी सरळ वाक्य लिहीत असे, उदाहरणार्थ ‘ही सेल्डम ड्रिंक्स टी’. मग ‘सेल्डम’ पुढे ओढायचा. मग सहायक क्रियापद शोधायचं: बी, हॅव यांची रूपं किंवा कॅन, विल, मस्ट यांपैकी काही. असेल तर तेच कर्त्याच्या आधी ठेवायचं, जसं ‘नेव्हर हॅव आय सीन’. इथे ‘ड्रिंक्स’ एकटंच आहे, म्हणून डू, डज, डिड यांपैकी एक आणायचं. आणलेल्या शब्दानं काळ आणि वचन दोन्ही उचललं, की मूळ क्रियापद उघडं होतं: ‘सेल्डम डज ही ड्रिंक टी’. चूक बहुतेक वेळा या शेवटच्या पायरीवर होते. ‘डज ही ड्रिंक्स’ किंवा ‘डिड ही केम’ लिहिलं जातं, कारण जुना प्रत्यय काढायचा राहून जातो. मी प्रत्येक वाक्यात काढलेला ‘एस’ किंवा ‘ईडी’ लाल पेनाने खोडत असे. रोज वीस वाक्यं केली, आणि तिसऱ्या आठवड्यात ही चूक थांबली.

शब्द नकारार्थी आहे की नुसता तसा दिसतो, हे ओळखायला शेपटीचा प्रश्न (क्वेश्चन टॅग) लावून बघायचा. मराठीत ‘तो क्वचित येतो ना?’ आणि ‘तो लगेच येतो ना?’ या दोन्हींना एकच ‘ना’ पुरतो, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला जाणवत नाही. इंग्रजीत ‘ही हार्डली कम्स’ला शेपूट ‘डज ही?’ असं लागतं, म्हणजे वाक्य आतून नकारार्थी आहे. उलट ‘ही फिनिश्ड इट इन नो टाइम’ला ‘डिडन्ट ही?’ लागतं. ‘इन नो टाइम’मध्ये ‘नो’ असला तरी अर्थ ‘बघता बघता’ असा आहे. म्हणून ‘इन नो टाइम ही फिनिश्ड इट’ सरळ राहतं, आणि ‘अॅट नो टाइम डिड ही लाय’ (तो कधीच खोटं बोलला नाही) उलटतं. एवढा बारकावा इतका स्वच्छ दाखवणारी दुसरी कसोटी मला सापडली नाही.

सगळ्यात जास्त वेळ ‘ओन्ली आफ्टर’ आणि ‘नॉट अंटिल’ यांनी घेतला. त्याचं उदाहरण आपल्या इंदूरच्या सराफ्यातच आहे. दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावरच तिथे रात्री खाण्याची दुकानं लागतात. ‘ओन्ली आफ्टर द ज्वेलर्स क्लोज देअर शॉप्स डू द फूड स्टॉल्स ओपन.’ यात दोन क्रियापदं आहेत. ‘ओन्ली आफ्टर’च्या अगदी शेजारी ‘क्लोज’ आहे, म्हणून हात तिकडेच जातो आणि ‘ओन्ली आफ्टर डू द ज्वेलर्स क्लोज’ होऊन बसतं. पण ‘दुकानं बंद झाल्यावर’ हा सगळा तुकडा मिळून एकच क्रियाविशेषण आहे. त्याच्या आत काही हलवायचं नाही, उलटापालट मुख्य वाक्यात. मी त्या तुकड्याभोवती पेन्सिलीने चौकट काढून तिच्या जागी नुसतं ‘ओन्ली देन’ लिहून बघत असे: ‘ओन्ली देन डू द फूड स्टॉल्स ओपन’. हे जमलं की चौकट परत भरायची. ‘ओन्ली’ कर्त्यालाच चिकटला असेल, जसं ‘ओन्ली राम नोज’, तर काहीच उलटत नाही. ‘नॉट ओन्ली’मध्ये पहिला भाग उलटतो, ‘बट’नंतरचा नाही.

‘नो सूनर’ला मराठीत नेमकी जोडी आहे. ‘मी स्टेशनवर पोचतो न पोचतो तोच गाडी सुटली’: ‘नो सूनर हॅड आय रीच्ड द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट.’ इथे ‘दॅन’च हवा, कारण ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे आणि तुलनेला ‘पेक्षा’ लागतो. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’त तुलना नाही, म्हणून त्यांच्या मागे ‘व्हेन’. ‘हार्डली हॅड द रेन स्टॉप्ड व्हेन द पोहा स्टॉल ओपन्ड.’ परीक्षेत हीच अदलाबदल करून ठेवलेली असते.

जागा दाखवणारे शब्द पुढे आल्यावरची उलटापालट वेगळी आहे. तिथे डू, डिड लागत नाही, अख्खं क्रियापदच कर्त्याच्या आधी जातं. ‘निअर राजवाडा स्टँड द कृष्णपुरा छत्रीज.’ छत्र्या (होळकरांच्या स्मारक-वास्तू) अनेक, म्हणून ‘स्टँड’. राजवाडा शेजारी दिसतो म्हणून ‘स्टँड्स’ लिहिलं की चुकलं. क्रियापदानं मागे गेलेल्या कर्त्याकडे बघायचं असतं. कर्ता सर्वनाम असेल तर उलटवायचं नाही: ‘हिअर कम्स द बस’, पण ‘हिअर इट कम्स’. ‘बस येतेय’ मनात असल्यामुळे आपण ‘हिअर इज कमिंग द बस’ म्हणतो, ते टाळावं.

‘इफ’ गाळून उलटवलेली वाक्यं सोपी आहेत. मुख्यतः हॅड, वेअर, शुड हे तीन शब्द पुढे येतात. नकार मात्र सुटा ठेवायचा: ‘हॅड आय नॉट गॉन’ बरोबर, ‘हॅडन्ट आय गॉन’ चूक.

शेवटच्या आठवड्यात मी न उलटणारी क्रियाविशेषणं घेतली, कारण सुरुवात सुधारली तरी मधली जागा चुकत होती. ‘ती इंग्रजी छान बोलते’ यात ‘छान’ कर्म आणि क्रियापद यांच्या मधे बसतं. तीच सवय ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ लिहायला लावते. इंग्रजी क्रियापदाला कर्म लगेच शेजारी हवं असतं: ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’च्या नंतर, आणि दोन सहायक असतील तर पहिल्याच्या लगेच मागे: ‘ही हॅज नेव्हर बीन टोल्ड’. याच वाक्यात ‘नेव्हर’ पुढे ओढला की ‘नेव्हर हॅज ही बीन टोल्ड’. फक्त पहिला सहायक सरकतो, ‘बीन’ आपल्या जागीच राहतो.