गाडी तीच, मग पार्किंगमध्ये मावत का नाही?

मी आयुष्यभर पुण्यात गाड्यांच्या बॉडीचं डिझाइन केलं, त्यातही बरीच वर्षं फक्त दारांचं. त्यामुळे सोसायटीत कुणी नवी गाडी आणली की पेढ्यांबरोबर हा प्रश्नही माझ्याकडे येतो: "ताई, पूर्वी इथे आरामात गाडी लागायची. आता दार उघडत नाही. एवढ्या मोठ्या का करता तुम्ही लोक गाड्या?" परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनीही हेच विचारलं. जिन्यात उभ्याउभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

आधी टेप लावू. आमची इमारत 1987 ची. पार्किंगच्या दोन खांबांमध्ये साडेसात फूट, म्हणजे 2286 मिलिमीटर. त्या काळी तिथे मारुती 800 उभी राहायची, रुंदी 1440. दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ 85 सेंटिमीटर मोकळे. काकांची नवी स्विफ्ट 1735 आहे, तीही आरसे सोडून. उरले 55. गाडी एका खांबाला अगदी चिकटवून लावली तरी दुसऱ्या बाजूला हातभर जागा मिळते, आणि त्यातच दाराची जाडीसुद्धा आली.

तुम्ही म्हणाल, 800 वेगळी आणि स्विफ्ट वेगळी. बरोबर आहे, मग एकच नाव घेऊ. स्विफ्ट आपल्याकडे 2005 मध्ये आली तेव्हा 3695 मिलिमीटर लांब आणि 1690 रुंद होती. 2024 ची 3860 लांब आणि 1735 रुंद. फोक्सवॅगनची गोल्फ 1974 मध्ये 3705 लांब होती, आठव्या पिढीत 4284 झाली. आपल्या चाकणला 2022 पर्यंत जी पोलो बनत होती, ती 3971 ची. म्हणजे मूळ गोल्फचं धाकटं भावंड असलेली गाडी मूळ गोल्फपेक्षा वीतभर लांब! पोलो वाढली तशी तिच्याखालची जागा रिकामी झाली. तिथे आधी लुपो नावाची आणखी छोटी गाडी आणली, मग अप नावाची.

आता दाराकडे येते, कारण ते मला आतून माहीत आहे. जुन्या 800 च्या दारात दोन पत्रे, काच आणि काच फिरवायचं हँडल, जवळपास एवढंच. आजच्या दाराचा आडवा छेद घेतला तर बाहेरून आत असं दिसतं: साधारण पाऊण मिलिमीटरचा बाहेरचा पत्रा, त्याच्या मागे बाजूने धडक बसली तर आत घुसणं अडवणारा पोलादी बीम, मग काच खाली उतरायची वाट, पॉवर विंडोची मोटर, आतला पत्रा, स्पीकर, आणि शेवटी प्लास्टिकचं पॅनल. त्या पॅनलच्या खिशात लिटरची बाटली उभी राहिली पाहिजे, अशी अपेक्षा असते. ती बाटलीच सुमारे आठ सेंटिमीटर जाड. त्यानंतर दार आणि माणसाचं कंबरेचं हाड यांच्यात थोडी रिकामी जागा सोडावी लागते. धडकेत दार आत येतं, तेव्हा ती जागाच माणसाला वाचवते, आणि बाजूची एअरबॅग फुगायलाही तीच लागते.

एका दारात एक सेंटिमीटर वाढवला की गाडी दोन सेंटिमीटर रुंद होते. दारं दोन्ही बाजूंना असतात ना! स्विफ्टची रुंदी दोन दशकांत वाढली ती साडेचार सेंटिमीटर, म्हणजे दर बाजूला सव्वादोन.

बीम आणि ती रिकामी जागा यांबद्दल मला कुणी नावं ठेवली तर मी भांडेन. आपल्याकडे धडक चाचणीचे नियम ऑक्टोबर 2017 पासून नव्या मॉडेलना आणि 2019 पासून सगळ्यांना लागू झाले. फार उशिरा झाले, असंच माझं मत. 800 आटोपशीर होती, पण बाजूने ट्रक आला तर तिच्यात आणि तुमच्यात काय होतं, हे आठवून बघा.

पण सगळी वाढ सुरक्षिततेसाठी नाही, हेही खरं. नवं मॉडेल ठरताना लोकांना नमुन्यात बसवून बघतात. आम्ही त्याला क्लिनिक म्हणायचो. बसणारा खांदे हलवतो, कोपर टेकवतो, मागे पाय पसरतो. "जुन्यापेक्षा ऐसपैस आहे" हे वाक्य ऐकलं की खोलीतले सगळे खूश. शिवाय पहिली गाडी घेतलेलं जोडपं सात-आठ वर्षांनी त्याच नावाकडे परत येतं ते दोन मुलं आणि आजी-आजोबांसकट. नावावर विश्वास असतो, म्हणून नाव तेच ठेवून गाडी वाढवतात. बाहेरून रुंदी किती, हे त्या खोलीत मला एकाही माणसाने विचारल्याचं आठवत नाही.

आणि वाढ थांबवता येते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणलं. डिझायर 2008 मध्ये 4160 मिलिमीटर होती. 2012 मध्ये तिची डिकी कापून तिला 3995 वर आणलं. पुढच्या पिढीची गाडी आधीपेक्षा आखूड! 2017 ची डिझायरही 3995 आणि 2024 चीही 3995. पण रुंदी बघा: 2012 ला 1695, 2017 ला 1735. लांबीला कराने दार बंद केलं, तेव्हा गाडी बाजूने पसरली. 2025 च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी बदलला, छोट्या गाड्यांना 18 टक्के आणि मोठ्यांना 40 टक्के झाला, तरी छोटी-मोठी ठरवणाऱ्या त्या रेषेत रुंदीचा उल्लेख नाहीच. जपानमध्ये केई गाड्यांना, म्हणजे तिथल्या सगळ्यात छोट्या वर्गातल्या गाड्यांना, 3.4 मीटर लांबीबरोबर 1.48 मीटर रुंदीचीही मर्यादा आहे, आणि तिथल्या अरुंद गल्ल्यांत त्या सुखाने फिरतात.

आपल्या नियमात रुंदी यावी, असं मला मनापासून वाटतं. सदाशिव पेठेतले बोळ आणि आमच्या इमारतीचे खांब वाढणार नाहीत. बाटलीचा कप्पा लहान झाला, स्पीकर डॅशबोर्डमध्ये गेला तर बीमला हात न लावता दर दारामागे दोन-तीन सेंटिमीटर सहज निघतील. मी ते कागदावर काढून पाहिलेलं आहे.

तोवर काकांसाठी आम्ही एक सोय केली. त्यांच्या खांबाला छातीच्या उंचीवर जुन्या टायरची पट्टी ठोकली. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या गेटपाशीच उतरतात आणि काका गाडी एकटे आत घेतात. काल काकांनी उजवं दार उघडून मला बोलावलं आणि टेप लावायला सांगितली. पट्टी आणि दार यांच्यात नऊ मिलिमीटर होते.