चार्जिंगचा दिवा लागतो, फाइल जात नाही

चार स्लॉटच्या इथरनेट क्रेडलबद्दलची, म्हणजे स्कॅनिंगची हातातली यंत्रं (टर्मिनल) ठेवून चार्ज करायच्या आणि केबलने नेटवर्कला जोडायच्या स्टँडबद्दलची, तक्रार अशी होती: टर्मिनल चार्ज होतात, पण दिवसभराच्या स्कॅनिंगची फाइल सर्व्हरवर पोचत नाही. कधी एकाची जाते, कधी कुणाचीच नाही, आणि थोडा वेळ तसंच सोडलं की पुन्हा चालू होतं. गोदामातल्या मंडळींनी निदानही करून ठेवलं होतं: क्रेडल तापतं आणि बंद पडतं, तेव्हा बदलून द्या.

चार्जिंग आणि डेटा हे क्रेडलमधले दोन वेगळे मार्ग. टर्मिनलच्या बुडाशी काही पिना वीज घेतात, काही डेटा नेतात. त्यामुळे चार्जिंगचा दिवा लागला याचा अर्थ फक्त वीज पोचली, इतकाच. बाहेरून तंतोतंत सारखं दिसणारं फक्त चार्जिंगचं क्रेडलही मिळतं, म्हणून पहिल्यांदा मागची बाजू पाहिली. नेटवर्क केबलचं सॉकेट होतं, केबल नीट बसलेली होती.

दिवे लागत असले तरी वीज तपासली, कारण अशा जागी अडॅप्टरची अदलाबदल फार होते. या क्रेडलचा अडॅप्टर १२ व्होल्ट, ४.१६ अँपिअरचा, म्हणजे ५० वॅटचा. चार टर्मिनल एकाच वेळी चार्ज व्हायची तर एवढी वीज लागतेच. त्याच मापाची पिन असलेला २ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर एक-दोन टर्मिनलपर्यंत सगळं ठीक वाटतं; तिसरं ठेवलं की व्होल्टेज खाली येतं आणि क्रेडल मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतं. लक्षणं या तक्रारीशी बरीच मिळतीजुळती, म्हणून ही शंका आधी काढून टाकली. अडॅप्टर मूळचाच होता आणि चारही स्लॉट भरल्यावर व्होल्टेज जागचं हललं नाही. तापण्याचा मुद्दाही निकालात निघाला. लिथियम आयन बॅटरी जास्त तापली की चार्जिंग थांबवलं जातं, बहुतेक टर्मिनलमध्ये ही मर्यादा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पण त्यात थांबतं ते चार्जिंग. फाइल पाठवणं त्यामुळे अडत नाही.

मग पिना. डेटाच्या पिना बारीक असतात आणि धूळ, हाताचा घाम यांचा थर पहिल्यांदा त्यांनाच नडतो. अडॅप्टर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या बोळ्याने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. खोडरबर किंवा पॉलिश पेपर कोणी सुचवला तर ऐकू नका. वरचा सोन्याचा मुलामा निघाला की ती पिन कायमची त्रास देते. टर्मिनलवर रबरी कव्हर असेल तर तेही पाहावं. कव्हरासाठीचा वेगळा स्लॉट-कप न बसवता टर्मिनल दाबून ठेवलं, तर ते दीड-दोन मिलिमीटर वर राहतं आणि विजेच्या पिना टेकतात, डेटाच्या टेकत नाहीत. इथे कव्हर नव्हतं. पिना पुसल्या, फरक शून्य.

खरा धागा सापडला तो क्रेडलच्या नेटवर्क दिव्यात. पहिल्या स्लॉटमध्ये टर्मिनल ठेवलं, दिवा हिरवा, फाइल गेली. ते काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरं ठेवलं, त्याचीही गेली. मग दुसऱ्या स्लॉटमध्ये एक ठेवलं, आणि क्रेडलचा नेटवर्क दिवाच विझला. चार्जिंगचे दिवे जसेच्या तसे. केबल काढून लॅपटॉपला लावली तरी नेटवर्क नाही. पाच मिनिटांनी आपोआप आलं. क्रेडल निर्दोष होतं, पोर्ट (केबल लावायची जागा) बंद होत होता तो पलीकडच्या स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या केबली जिथे एकत्र येतात त्या पेटीवर.

कारण स्विचवरची पोर्ट सिक्युरिटी. एका पोर्टवर एकच मॅक पत्ता (नेटवर्क चिपचा स्वतःचा ओळख क्रमांक) चालेल, दुसरा दिसला की पोर्ट बंद, आणि ३०० सेकंदांनी पुन्हा चालू, अशी ती रचना होती. टेबलावरच्या संगणकासाठी हा नियम योग्यच. पण चार स्लॉटच्या क्रेडलच्या पोटात एक छोटा स्विच असतो आणि या मॉडेलमध्ये प्रत्येक स्लॉटला आपली इथरनेट चिप आहे. एका केबलवर चार मॅक पत्ते दिसणारच. टर्मिनल काढलं तरी क्रेडल चालूच राहतं, जोडणी तुटत नाही, म्हणून स्विच पहिल्या स्लॉटचा पत्ता विसरत नाही. दुसऱ्या स्लॉटला एकट्याने वापरलं तरी पोर्ट बंद होतो. 'थोडा वेळ सोडलं की चालतं' याचा उलगडा त्या ३०० सेकंदांत होता. नेटवर्कवाल्यांनी लॅपटॉप लावून केबल ठीक असल्याचं सांगितलं होतं, तेही खरंच. लॅपटॉपचा पत्ता एकच.

बसवताना हे का दिसलं नाही? कारण चाचणी ऑफिसच्या टेबलावर झाली होती, टर्मिनलचं वायफाय चालू ठेवून. फाइल वायफायने गेली आणि क्रेडल पास झालं. गोदामाच्या ज्या कोपऱ्यात ते पुढे लावलं तिथे वायफाय पोचत नाही, म्हणून तर इथरनेट क्रेडल घेतलेलं. चाचणी वायफाय बंद करूनच, कायमच्या जागी, कायमच्या पोर्टवर आणि सगळे स्लॉट भरून करायची. एकेक टर्मिनल ठेवून केलेल्या चाचणीला मी चाचणी म्हणत नाही.

पोर्टची मर्यादा वाढवण्याआधी मॅक पत्ता कोणाचा हे ठरवावं लागतं. इथे तो स्लॉटचा होता, म्हणून एकाच स्लॉटमध्ये कोणतंही टर्मिनल चालत होतं. काही मॉडेलमध्ये तो टर्मिनलचा असतो. पाहायचं सोपं आहे: एकच टर्मिनल दोन स्लॉटमध्ये ठेवून सेटिंगमधला इथरनेटचा पत्ता वाचायचा. स्लॉटचा असेल तर चारची मर्यादा पुरते. टर्मिनलचा असेल आणि पाळीत तीस टर्मिनल फिरत असतील, तर चार पुरणार नाहीत. मग मर्यादा मोठी ठेवायची किंवा न दिसणारे पत्ते काही मिनिटांनी विसरायला स्विचला सांगायचं. आयपी पत्त्यांचा, म्हणजे नेटवर्क प्रत्येक जोडणीला वाटून देतं त्या क्रमांकांचा, साठाही त्याच हिशेबाने हवा.

इथे मर्यादा आठ ठेवून घेतली, कारण शेजारी दुसरं क्रेडल साखळीने जोडायचं ठरलं होतं. साखळीत डेटा पुढे जातो, वीज जात नाही. दुसऱ्या क्रेडलला त्याचा स्वतःचा ५० वॅटचा अडॅप्टर लागतो. आणि स्विचने पत्ते कायमचे लक्षात ठेवायची सोय चालू केलेली असेल, तर पुढे कधी क्रेडल बदललं की जुने पत्ते पुसायला नेटवर्कवाल्यांना सांगावं लागेल. ती सूचना लिहून क्रेडलच्या मागे चिकटवली, पोर्टच्या क्रमांकासकट.