एक खिळा, साडेअकरा सेंटीमीटरचा

आज गुड फ्रायडे. सकाळपासून सोशल मीडियाच्या भिंतीवर क्रूसाची चित्रं येताहेत, जवळजवळ सगळ्यांत येशू अख्खा क्रूस ओढतोय. रोमन पद्धत बहुधा वेगळी होती: उभा खांब वधस्थळी आधीच रोवलेला, कैद्याच्या खांद्यावर फक्त आडवी तुळई.

क्रूसावर खिळण्याच्या या शिक्षेचा ठोस पुरावा बघायचा तर १९६८ साली जेरुसलेमजवळच्या थडग्यात सापडलेलं येहोहानान नावाच्या, क्रूसावर चढवलेल्या माणसाचं टाचेचं हाड बघा. खिळा अजून आत आहे. बाजूने ठोकलेला, खिळ्याच्या डोक्याखाली लाकडाची चकती, पाय निसटू नये म्हणून. टोक वाकलंय, बहुधा लाकडातल्या गाठीवर आपटून. त्यामुळे तो उपसता आला नाही, आणि म्हणूनच हाडाबरोबर पुरला गेला. एरवी खिळे काढून घेत, प्रेतांना नीट मूठमाती क्वचितच मिळे. हजारोंना अशी शिक्षा होऊनही पुरावे बोटांवर मोजण्याइतकेच का, ते यावरून कळतं.

ही शिक्षा गुलामांची, बंडखोरांची. इ.स.पू. ७१ मध्ये रोमविरुद्ध बंड करणाऱ्या स्पार्टाकस या गुलामाच्या सुमारे ६००० साथीदारांना रोमला जाणाऱ्या आप्पियन रस्त्याच्या कडेने असंच टांगलं होतं. अशी शिक्षा झालेल्या येशूला प्रभू म्हणायचं? ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल, त्यानेच लिहिलंय: यहुद्यांना हे अडखळण, इतरांना मूर्खपणा. गळ्यातला सोन्याचा क्रूस त्या काळच्या माणसाला भलताच अभद्र वाटला असता.